डावा फोन, उजवा फोन

जावई घरात आला त्या दिवसापासून त्याचं आणि ताईचं एकाच गोष्टीवरून वाजत होतं, आणि ती गोष्ट म्हणजे फोनसाठी प्रोग्राम लिहावा कसा. आता तुम्ही म्हणाल, हा काय भांडायचा विषय आहे? लोक भांडतात पाण्याच्या टाकीवरून, खिडकीतल्या कुंडीवरून, फार तर टीव्हीच्या रिमोटवरून. पण ज्या घरात थोरली लेक फोनचे प्रोग्राम लिहिते आणि धाकटीचा नवराही तोच उद्योग करतो, त्या घरात बाकीच्यांनी करायचं काय? कानात बोळे घालावेत, दुसरं काय. बाबांना तर बोळ्यांचीही गरज उरली नव्हती. त्यांचे कान केव्हाच गेले होते.

भांडण समजायला अगदी सोपं आहे. प्रत्येक फोनची आपापली मातृभाषा असते. ताई फोनशी त्याच्या मातृभाषेतच बोलायची. याला ते लोक नेटिव म्हणतात. असं बोललं की फोन ऐकतो, आणि लगेच ऐकतो. गैरसोय एवढीच, की दोन जातींचे फोन असले की सगळं दोनदा लिहायचं. जावई पडला स्क्रिप्टवाला. त्याचं म्हणणं, एकदाच लिहा, सोप्या भाषेत लिहा आणि मध्ये एक दुभाष्या बसवा, तो दोन्ही फोनांना समजावून सांगेल. गैरसोय एवढीच, की दुभाष्या आला की किंचित उशीर आला. जावयाला घाई फार, म्हणून घरात त्याचं नाव पडलं होतं झटपट. तो ताईला तोंडावर ताई म्हणे आणि माघारी आकडसासू. ताई त्याला एरवी अरेतुरे करायची, पण तिचं डोकं फिरलं की 'भावजी, तुम्ही' असं सुरू व्हायचं. ते ऐकलं की झटपट आपला चहाचा कप उचलून लांबच्या खुर्चीवर जाऊन बसायचा.

बाबा नाच शिकवत. टाचांचा नाच. लाकडी फरशी, भिंतीभर आरसे, कोपऱ्यात बुटांची रांग, आणि ड्रमच्या प्रत्येक ठोक्यावर सगळ्यांची टाच एकदम खाली. इतकी वर्षं हे चाललं होतं. मग कान हळूहळू गेले. समोर बसून कोणी बोललं तर कानातलं यंत्र आणि ओठांची हालचाल मिळून बाबांचं भागायचं. पण हॉलमध्ये ड्रम सुरू झाला की त्या यंत्रात नुसता खडखडाट. ड्रमवाले काका जुने, तरबेज, पण लहरी. मध्येच ते चाल बदलत, मध्येच हात थांबवत, आणि बाबांची टाच मात्र शांततेत एकटीच आपटत राही. शिकायला येणाऱ्या बायका मान फिरवून आरशात बघत. हसत नसत बिचाऱ्या. पण न हसणंही दिसतंच की.

एके दिवशी जेवताना बाबांनी सांगून टाकलं. "वार्षिक कार्यक्रमात पहिला नाच माझा असतो. यंदाही मीच करणार. ठेका सापडला तर ठीक. नाही सापडला, तर तिथल्या तिथे बूट काढीन आणि वर्ग बंद."

"काहीतरीच काय बोलता!" आई म्हणाली.

"काय?"

"काहीतरीच बोलू नका म्हटलं!"

"काहीतरीच नाही. वर्ग बंद म्हणालो." आणि त्यांनी पोळी वाढून घेतली.

ताईने हातातला घास परत ताटात ठेवला. बाबांनी बूट काढले तर मागे जे काही उरेल ते दिवसभर पेपर वाचेल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. समोर झटपटचाही हात ताटातच थांबला होता. आणि मग दोघं एकदमच म्हणाले, "फोन!"

कल्पना खरंच झकास होती. फोनने ड्रम ऐकायचा आणि ठोका पडला की दंडाला बांधलेल्या पट्ट्यात थरथरायचं. बाबांना कानाने नाही, तर कातडीने ठेका कळेल. ते म्हणाले, "मग दोन्ही दंडांना बांधा. डाव्या पायाला डावा, उजव्याला उजवा." आता घरात बाबांचा फोन एका जातीचा आणि आईचा दुसऱ्या. झालं! आगीत तेल पडलं.

"दोन जातींचे फोन म्हणजे स्क्रिप्टच," झटपट म्हणाला. "एकदा लिहितो, दोन्हीकडे चालतं. विषय संपला."

"भावजी," ताई म्हणाली, आणि झटपटने कप उचलला. "तुमचा दुभाष्या समजावून सांगेपर्यंत बाबांचा पाय दोनदा खाली येऊन जाईल. हे काय किराणा मागवायचं ॲप आहे? ठोका म्हणजे ठोका. तिथे नेटिवच हवं."

"आणि दोनदा लिहिणार कधी? पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाला?"

"बघशील तू!"

मग काय, दोघं हट्टाला पेटले. झटपटने आपल्या नावाला जागून दुसऱ्याच दिवशी स्क्रिप्ट तयार केली. दोन्ही फोनांवर चालली, दिसायलाही देखणी, पडद्यावर रंगीत वर्तुळं काय, बुटांची चित्रं काय! आईने पातेलं उलटं घालून चमच्याने ठेका धरला. फोन थरथरले, पण प्रत्येक वेळी ठोका पडून गेल्यावर. बाबांची टाच उशिरा पडायची, मग ते गोंधळून थांबायचे आणि विचारायचे, "सुरू झालं का?" झटपटचा चेहरा असा पडला की ताईला त्याची दया आली. आली, पण तिने ती दाखवली नाही.

तिकडे ताईने नेटिव लिहायला घेतलं, आणि तिचा फोन काय सुरेख चालला म्हणून सांगू! चमचा पातेल्यावर पडतो तोच दंडात धक्का. फक्त चालला तो एकच, बाबांचा. आईच्या फोनची भाषा वेगळी, तिथे सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहायचं, आणि ते काही केल्या संपेना. दोन-तीन दिवस बाबा स्वयंपाकघरात एकाच पायाने नाचले. डावा पाय उस्ताद, उजवा पाय पाहुणा. शेवटी ते टेबलाला धडकले आणि वाटीभर आमटी आईच्या अंगावर.

तेव्हा धाकटी मध्ये पडली. धाकटी दातांची डॉक्टर, दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणारी. तिने या दोघांना मात्र तोंड बंद करायला लावलं. "ऐका. ताई, तू फक्त दोन कामं कर. ड्रम ऐकणं आणि थरथरणं. ती दोन्ही फोनांवर नेटिव. आणि तू," नवऱ्याकडे वळून, "मधलं सगळं तुझं. कुठला ठोका डावा, कुठला उजवा, पडदा, रंग, जे काय असेल ते. ते स्क्रिप्टमध्ये. एक शब्द जास्त बोललात तर दोघांनाही खुर्चीवर घेईन, आणि इंजेक्शन देणार नाही."

तह झाला. एका टेबलाच्या दोन टोकांना पाठमोरे बसून दोघं कामाला लागले. बोलणं बंद. काही विचारायचं असलं तर धाकटीमार्फत. "तिला विचार, ठोक्याचा जोर कळवतेय का." "त्याला सांग, कधीच कळवलाय." आई म्हणायची, आधी भांडत होते तेच बरं होतं, निदान घरात जाग होती.

आता यात ताईने एक चोरटं काम केलं. मधलं सगळं स्क्रिप्टमध्ये आहे, म्हणजे तिथे दुभाष्या आहे, म्हणजे थोडासा उशीर होणारच, हे तिला पक्कं ठाऊक. मग तिने काय केलं, तर आधीच्या ठोक्यांवरून पुढचा ठोका कधी येणार हे ओळखून दोन्ही फोन केसभर आधीच थरथरतील अशी सोय करून ठेवली. झटपटच्या उशिरावर गुपचूप पांघरूण. कोणाला सांगितलं नाही. सांगायचं कशाला? सांगितलं असतं तर त्याची स्क्रिप्ट चालवून घेतली असं कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि ते ताईला मेलं तरी जमलं नसतं. पण मनातल्या मनात तिला फार गोड वाटत होतं. किती मोठं मन आपलं, असं ती स्वतःशीच म्हणाली, आणि दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

कार्यक्रमाच्या सकाळी दोन्ही फोन तयार झाले. स्वयंपाकघरात पातेलं वाजलं, दोन्ही दंडांवर धक्के बसले, आणि बाबांच्या टाचा पडू लागल्या. डावी, उजवी, डावी डावी, उजवी. चमच्याच्या किंचित पुढेच पडत होत्या, पण तिकडे लक्ष कोण देतंय? आई म्हणाली, "उत्साह आहे हो त्यांना!" बाबांनी आईच्या हातातला चमचा काढून घेतला आणि तिला गरकन एक फिरकी दिली. धाकटी टाळ्या पिटायला निघाली, पण तिच्या दोन्ही हातांत कपबशा. झटपट आणि ताई एकमेकांकडे बघून हसले, आणि हसल्याचं लक्षात येताच दोघांनीही माना फिरवल्या.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. बाबा पांढऱ्या शर्टात, बाह्या वर दुमडून, दंडांवर काळे पट्टे. आईने त्यांचा भांग पुन्हा पाडला, जो मुळात नव्हताच, कारण केसच नव्हते. झटपटने दोन्ही फोन सुरू केले. बाबा मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी काकांना मान हलवून खूण केली.

पहिले ठोके काय पडले म्हणता! बाबांची टाच बरोबर. दुसरीही बरोबर. लोक खुर्चीत पुढे सरकले. काकांनी चाल बदलली, बाबांनीही बदलली. काकांनी हात थांबवला, बाबा हवेत पाय धरून थांबले, आणि मागून कोणीतरी 'वा!' म्हणालं. ताईने धाकटीचा हात इतका घट्ट धरला की धाकटी कळवळली.

आणि मग नाच वेग घ्यायला लागला.

काकांची एक सवय होती, आणि घरातल्या एकाही शहाण्याच्या ती ध्यानात आली नव्हती. काका ड्रमकडे बघून वाजवत नसत. ते वाजवत बाबांच्या पायांकडे बघून. तरुणपणापासून तशीच रीत, चाल आपल्या लहरीने, पण वेग सरांच्या टाचेचा. आता फोन थरथरणार किंचित आधी, म्हणून बाबांची टाच पडणार किंचित आधी. ती बघून काकांचा हातही आधी. फोनला वाटणार, अरे, ठेका वाढला वाटतं! मग तो आणखी आधी. की बाबा आणखी पुढे, की काका आणखी पुढे. बाबा काकांना पळवताहेत, काका फोनांना, फोन बाबांना, आणि थांबायचं कोणालाच ठाऊक नाही! तडतड तडतड सुरू झालं. बाबांचे पाय दिसेनासे झाले. काकांचा चष्मा नाकावरून घसरून ओठांवर आला, तो तोंडात धरून ते वाजवतायत. मागे रांगेत उभ्या बायकांनी ठरल्याप्रमाणे आपला भाग सुरू केला आणि त्याही त्या भोवऱ्यात सापडल्या. एकीचा बूट उडाला तो थेट पहिल्या रांगेत, आणि तिथल्या आजोबांनी तो अलगद झेलला. लोक उभे राहून हसतायत, डोळ्यांतून पाणी येतंय, कोणी पोट धरलंय. शेवटी काकांच्या हातातली काठी सुटली, आरशाला जाऊन लागली, आणि सगळं एकदम ठप्प.

काका ड्रमवरच आडवे झाले. बायका जिथे होत्या तिथे बसल्या, हसून हसून. हॉल नुसता खदखदत होता. आणि मधोमध बाबा, धापा टाकत, एकटे उभे. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. दिसत मात्र सगळं होतं. हॉलभर उघडी तोंडं, आणि सगळी त्यांच्याकडे वळलेली.

बाबा बाजूच्या बाकावर जाऊन बसले आणि खाली वाकून त्यांनी बुटाची नाडी सोडायला घेतली.

ताईला रस्ता दिसेना. खुर्च्या ओलांडत, कोणाच्या पायावर पाय देत ती धावली आणि बाबांच्या समोर गुडघ्यांवर बसली. त्यांचा चेहरा तिने दोन्ही हातांत धरून वर केला, ओठ दिसावेत म्हणून.

"बाबा, तुमचं नाही चुकलं. माझं चुकलं. फोन आधी थरथरेल असं मीच करून ठेवलं होतं."

"काय केलं होतंस?" मागे धापा टाकत आलेला झटपट ओरडला. इतक्या वर्षांत तो ताईला पहिल्यांदाच अगंतुगं बोलला होता, आणि ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"तुझ्या दुभाष्याला उशीर होतो ना, म्हणून ठोका थोडा आधी ओढला. मोठेपणा केला. गाढवपणा केला!"

झटपट मटकन खालीच बसला. "ताई, अहो, तो उशीर मी आधीच काढला होता. मीही ठोका आधी ओढला होता. तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बघ, मंद आहे की नाही तुझी स्क्रिप्ट."

"म्हणजे दोघांनीही?"

"दोघांनीही."

बाबा कधी हिच्या ओठांकडे बघत होते, कधी त्याच्या. नाडी अजून बोटांतच होती. "थांबा," ते म्हणाले. "हळू बोला. म्हणजे माझा पाय चुकला नाही?"

"नाही, बाबा."

"फोन सांगत होता तिथेच पडत होता?"

"अगदी तिथेच. तुम्ही एकही ठोका सोडला नाहीत."

बाबांचे डोळे भरून आले. मग ओठ थरथरायला लागले, आणि ताईला वाटलं आता हे रडणार. पण ते हसले. असे हसले की बाक हलला. "आणि तो म्हातारा पळत होता माझ्यामागे! चष्मा तोंडात धरून!" ड्रमवर आडवे पडलेले काका तिकडून म्हणाले, "मला वाटलं यांच्या अंगात आलंय!" ते मात्र बाबांना ऐकू आलं नाही, म्हणून आईने समोर येऊन पुन्हा सांगितलं, आणि ते आणखी हसले.

"मग काढा तो गाढवपणा," डोळे पुसत बाबा म्हणाले. "लोक थांबलेत."

"माझं काढते," ताई म्हणाली.

"नको, तुमचं राहू दे. तुमचं फोनच्या पोटात बसलंय, चांगलं बसलंय. माझं काढतो."

"अरे, पण चूक आधी माझी!"

"ताई, प्लीज, माझीच!"

"जन्मभर उलटं भांडलात," धाकटी कडाडली, "आणि आता हे! काढा कोणाचं तरी!"

ताईने क्षणभर विचार केला. तिचं काढायचं तर घरी जायचं, मोठ्या कॉम्प्युटरवर दोन्ही फोनांसाठी वेगवेगळं सगळं नव्याने बांधायचं, मग पुन्हा फोनांमध्ये भरायचं. तोवर लोक घरी जाऊन झोपले असते. आणि झटपटचं? तो तिथेच मांडीवर लॅपटॉप उघडून बसला होता. एक ओळ बदलायची, की दोन्ही फोनांवर आपोआप बदलणार.

ती मोठा श्वास घेऊन म्हणाली, "तुझं काढ. तुझं इथल्या इथे निघतं."

"म्हणजे स्क्रिप्ट बरी?"

"आत्ता बरी!"

"हे पुन्हा एकदा, आईंच्या समोर?"

"भावजी, तुम्ही..."

"काढलं, काढलं!" झटपटने बटण दाबलं.

बाबांनी नाडी बांधली, घट्ट, दुहेरी गाठ मारून. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी झेललेला बूट परत केला. कोणीतरी काठी शोधून दिली. काकांनी चष्मा पुसून नाकावर चढवला आणि भीतभीतच पहिला ठोका दिला.

टाच आणि ठोका एकदम पडले. पुढेही नाही, मागेही नाही. काकांनी हळूच दुसरा दिला, मग तिसरा, मग त्यांचीही भीड चेपली आणि त्यांनी आपल्या सगळ्या लहरी बाहेर काढल्या. चाल बदलली, हात थांबवला, पुन्हा धरला, आणि बाबा जिथे हवे तिथे. मागच्या बायका आत आल्या तेव्हा इतक्या टाचा एकदम पडल्या की ताईला फरशीतून पायांपर्यंत ते जाणवलं. धाकटी आणि आई एकमेकींना धरून उड्या मारत होत्या. झटपटने ताईच्या पाठीत थाप मारली, मग आपण कोणाच्या पाठीत मारली हे लक्षात येऊन तो दचकला, आणि ताईने त्याला दुप्पट जोरात परत मारली. शेवटचा ठोका पडला. दोन्ही हात वर, टाच खाली, आणि बाबा स्तब्ध.

"सोमवारी वेळेवर यायचं सगळ्यांनी!" बाबा मागच्या रांगेवर ओरडले. "शेवटची फिरकी ढिली होती!"

आणि मग ते एकदम दचकले. त्यांनी डाव्या दंडाकडे पाहिलं. उजव्या दंडाकडे पाहिलं. ड्रम तर थांबला होता, काका तर घाम पुसत बसले होते, पण दोन्ही फोन वेड्यासारखे थरथरत सुटले होते. त्यात ना डावा ना उजवा, ना ठेका ना खंड. दोन्ही दंड नुसते सळसळत होते.

"अगं, हे पुन्हा बिघडलं वाटतं," बाबा म्हणाले. "बघ, थांबतच नाहीये."

ताई त्यांच्या समोर आली. तिने बाबांना खांद्याला धरून लोकांकडे वळवलं. सगळा हॉल उभा होता आणि सगळ्यांचे हात चालू होते.

"टाळ्या आहेत, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी दोन्ही तळहात त्या पट्ट्यांवर दाबून धरले आणि डोळे मिटले. झटपट फोन बंद करायला पुढे आला, तसं त्यांनी मान हलवली.

"राहू दे रे थोडा वेळ," ते म्हणाले. "किती दिवसांनी ऐकतोय."